आई-बाबा ओहायोत येतायत? शनिवारच्या एका दिवसाच्या ट्रिप अशा आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कोलंबसला नवीन आलात, मे मध्ये आई-बाबा येतायत ते ऑक्टोबर अखेरपर्यंत राहणार, आईंचे गुडघे दुखतात, मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत, नायगारा-न्यूयॉर्क होईलच पण सकाळी निघून रात्री आपल्याच घरी झोपायला येता येईल असं काय आहे, आणि ओहायोत मक्याच्या शेतांशिवाय खरंच काही आहे का. मी इथे एकोणीस वर्षं आहे, त्यातली बारा वर्षं भारतातून आलेल्या आई-वडलांना शनिवारी बाहेर काढायचं काम करतोय, आधी आमच्या दोन्हीकडचे, मग मित्रांचे, मग सात-आठ गाड्या एकत्र निघायला लागल्या. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

पहिलं मक्याचं. कोलंबसच्या पश्चिमेला आणि वायव्येला सगळं सपाट दिसतं, कारण हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर तिथून सरकत गेले आणि त्यांनी जमीन पाटा फिरवल्यासारखी करून टाकली. पण तो बर्फ राज्याच्या आग्नेय भागात पोचलाच नाही. यूएस-३३ ने लँकेस्टरकडे निघालात की साधारण त्या गावाच्या आसपास टेकड्या सुरू होतात, आणि बर्फ थांबला ती हद्द साधारण हीच. बाबांना गाडीत हे सांगा, ते खिडकीतून बघत बसतील. ज्याला कारण माहिती असतं त्याला सपाट जमीनही कंटाळवाणी वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्ट, जी मला पहिली चार-पाच वर्षं कळली नव्हती. आपण यादी करतो. नेटवर टॉप टेन बघतो, एका दिवसात तीन ठिकाणं बसवतो, आणि संध्याकाळी आई म्हणते छान होतं सगळं, पण महिन्याभराने विचारलं तर तिला फक्त गाडीत बसलेलं आठवतं. एका दिवशी एकच मोठी जागा ठेवा. आणि ती जागा यादीतून नको, माणसावरून निवडा. कोणाला दाखवायचंय, त्या माणसाने आयुष्यभर काय केलंय, कशावर तो आपणहून बोलायला लागतो, तिथून सुरुवात करा.

माझे सासरे ओझरच्या एचएएल मध्ये होते, फिटर म्हणून लागले आणि तिथेच रिटायर झाले. पहिल्या वेळी आले तेव्हा आम्ही त्यांना मॉल दाखवले, डाउनटाउन दाखवलं, ते हो हो म्हणत मागे मागे चालायचे. मग एका शनिवारी डेटनला एअर फोर्सच्या म्युझियमला नेलं. चार अवाढव्य हँगर आहेत, साडेतीनशेच्या वर विमानं आणि क्षेपणास्त्रं, तिकीट नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. व्हिएतनाम युद्धाच्या दालनात गेलो आणि ते एकदम थांबले, समोर मिग-२१. ओझरच्या कारखान्यात हीच विमानं बनायची. पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग दोरीच्या अलीकडून हात उंच करून पत्र्याच्या जोडावरून हवेतच बोट फिरवायला लागले, आणि माझ्या मुलीला जवळ बोलावून म्हणाले, "हे नाक बघ, मधला शंकू पुढे-मागे सरकतो, वेग वाढला की आत जाणारी हवा त्याने आवरायची." मग रिव्हेट कसे मारायचे, एक चुकला तर काय करायचं, नाशिकहून पहाटेची बस, डब्यात काय असायचं, सगळं निघालं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आजोबा काय काम करायचे हे तिला त्या दिवशी कळलं. आम्ही बाकीचं म्युझियम जेमतेम निम्मं बघितलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

म्हणून डेटन मी सगळ्यात वर ठेवतो, ज्यांना विमानात रस नाही त्यांच्यासाठीसुद्धा. कोलंबसपासून आय-७० ने सव्वा तास. जमीन सपाट, आत गार, बसायला जागा, कॅफे आहे, व्हीलचेअर मिळते. आईंच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर आधीच घेऊन ठेवा पण "तुझ्यासाठी" म्हणू नका, पिशव्या आणि जॅकेट ठेवायला घेतली म्हणा, दुसऱ्या हँगरपर्यंत त्या आपणहून बसतात. सकाळी नऊला उघडतं, पाचला बंद. सगळं बघायच्या नादात पडू नका, चारच गोष्टी ठरवा. नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ ला बाँब टाकणारं बॉक्सकार हे विमान तिथे प्रत्यक्ष उभं आहे, त्याच्यासमोर माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. दुसरं, केनेडींचं राष्ट्राध्यक्षांचं विमान, ज्यात २२ नोव्हेंबर १९६३ ला जॉन्सन यांनी शपथ घेतली आणि ज्यातून केनेडींचं पार्थिव परत नेलं, त्याच्या आत चढून चालता येतं (वाट फार अरुंद आहे, पायऱ्याही आहेत, आईंना खालीच बसू द्या). तिसरं, अपोलो १५ या चांद्रमोहिमेचं कमांड मोड्यूल, चंद्राभोवती फिरून आलेलं, उष्णतेने करपलेला पत्रा जवळून दिसतो. चौथं तुमच्या बाबांनी निवडायचं.

तिथून थोड्याच अंतरावर हफमन प्रेअरी आहे, तिथे अर्धा तास नक्की काढा. नुसतं गवताचं मैदान आहे, म्हणून बरेच जण टाळतात. राइट बंधूंनी १९०३ मध्ये किटी हॉकला उड्डाण केलं हे आपण शाळेत शिकतो, पण त्या दिवशीचं सगळ्यात लांब उड्डाण होतं ५९ सेकंदांचं. वळायचं कसं, गोल फिरून परत यायचं कसं, हे ते १९०४-०५ मध्ये या गायरानात शिकले, आणि ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर इथे ३९ मिनिटं उडत होता, २४ मैल. मैदानात पांढरी निशाणं आहेत, त्या काळच्या शेडसारखी एक शेड आहे, बाकी वारा. मुलांना धावू द्या. परतताना यलो स्प्रिंग्सजवळच्या यंग्स जर्सी डेअरीत आइस्क्रीम, बास, ट्रिप पूर्ण.

हॉकिंग हिल्सचं, म्हणजे त्याच आग्नेयेकडच्या टेकड्यांमधल्या कपारी-धबधब्यांच्या स्टेट पार्कचं, नाव तुम्ही ऐकलं असेलच, ऑफिसमध्ये प्रत्येक जण सांगतो. पण प्रत्येक जण ओल्ड मॅन्स केव्ह सांगतो, आणि आईंच्या गुडघ्यांना ते जमणार नाही, खूप पायऱ्या आहेत, दगड ओले असतात, वाट एकदिशा आहे त्यामुळे मधेच मागे फिरणं अवघड. आईंना अ‍ॅश केव्हला न्या. पाव मैलाची पक्की सपाट वाट, व्हीलचेअर जाते, दोन्ही बाजूंना उंच झाडं, आणि एका वळणानंतर समोर ती कपार उघडते, ७०० फूट रुंद, १०० फूट खोल, वरचा कडा ९० फुटांवर आणि त्यावरून पाण्याची धार. आपण सह्याद्री बघितलेली माणसं, धबधब्याचं आपल्याला काय, असं बाबा निघताना म्हणतील. पण हा काळा बेसॉल्ट नाही, पिवळसर वाळूचा दगड आहे, पाण्याने आतून पोखरलेला, खाली बारीक वाळू, आणि आवाज असा फिरतो की माझ्या आईने तिथे दगडावर बसून हळू आवाजात रामरक्षा म्हटली तर पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या मला शब्द कळत होते. नाव अ‍ॅश, कारण सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांना इथे राखेचे मोठे ढीग सापडले होते, म्हणजे बहुधा शेकडो वर्षं माणसं इथे चुली पेटवत होती. मे मध्ये किंवा पाऊस होऊन गेल्यावर जा, ऑगस्टमध्ये धार अगदी बारीक होते.

तुम्ही आणि दहा वर्षांचा मोठा ओल्ड मॅन्स केव्ह करून या, तोवर बाकीचे पिकनिकच्या टेबलावर. किंवा सगळे मिळून कॉन्कल्स हॉलो, दरीतली वाट बरीचशी सपाट आहे. जवळच सीडर फॉल्स आहे, नाव सीडर पण झाडं हेमलॉकची, पहिल्या लोकांनी ओळखण्यात चूक केली ती तशीच राहिली. हे हेमलॉक खरं तर थंड प्रदेशाचे, हिमयुगात इथे वाढले आणि दऱ्यांमध्ये गारवा टिकून राहिला म्हणून अजून आहेत. तोच बर्फ, बघा, जो इथवर आला नाही पण त्याचा गारवा आला.

तिथे फोनला रेंज जवळपास नसते, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, आणि दोन गाड्या असतील तर भेटायची वेळ आणि जागा घरूनच ठरवा. वाट सोडून कड्याकडे अजिबात जायचं नाही, मुलांचा हात सोडायचा नाही, लोक खरोखर पडतात. प्रवेश फी नाही, पार्किंग फी नाही, त्यामुळे शनिवारी दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि इथे जेटलॅगचा उपयोग होतो. पहिल्या आठवड्यात आई-बाबा पहाटे चारला उठून चहा मागतात, त्या दिवशी सहाला निघा, साडेसातला अ‍ॅश केव्हमध्ये तुम्ही आणि पक्षी, दुसरं कोणी नाही. गर्दी वाढायला लागते तेव्हा तुम्ही परत निघालेले असता, आणि दुपारी दोनला त्यांना पेंग येते तेव्हा घरी.

आता आमिश, म्हणजे श्रद्धेमुळे जुन्या पद्धतीने राहणारे ख्रिश्चन लोक, त्यांच्या भागाबद्दल. होम्स काउंटी, बर्लिन-मिलर्सबर्ग-वॉलनट क्रीक, पावणेदोन तास. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या आमिश वस्त्यांपैकी एक. घोड्यांच्या बग्ग्या, घरी वीज जोडलेली नाही, आपसात जर्मनची एक बोली बोलतात. आपल्या आई-बाबांना हे बाकी कोणापेक्षाही जास्त भिडतं, कारण त्यांनी लहानपणी असंच गाव बघितलंय, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एकत्र नांगरणारे भाऊ, परड्यातली भाजी. माझी आई एका बाईच्या लोणच्याच्या बरण्यांसमोर अर्धा तास उभी होती, दोघी इंग्लिश तोडकंमोडकंच बोलत होत्या कारण दोघींचीही ती शाळेतली भाषा, आणि व्हिनेगर किती, साखर किती, उन्हात ठेवता का, सगळं हातवाऱ्यांनी झालं. रविवारी मात्र जाऊ नका, सगळं बंद असतं, दुकानं, चीज फॅक्टरी, जेवणाची ठिकाणं, सगळं. आणि माणसांचे फोटो काढायचे नाहीत. घोडे, शेत, बग्गी लांबून चालेल, चेहऱ्याचा नको, त्यांच्या श्रद्धेत बसत नाही, हे मुलांना घरूनच सांगून ठेवा. गाडी सावकाश चालवा, चढ ओलांडला की समोर अचानक बग्गी असते, मागे केशरी त्रिकोण लावलेला असतो तेवढाच दिसतो.

खाण्याचं नीट ऐका, आई-बाबा शाकाहारी असतील तर. तिथल्या थाळीत मॅश केलेला बटाटा, नूडल्स, शेंगांची भाजी असं दिसतं आणि आपल्याला वाटतं हे चालेल. शेंगांच्या भाजीत बहुतेक वेळा हॅमचे नाहीतर बेकनचे तुकडे असतात, नूडल्स चिकनच्या पाण्यात शिजवतात, बटाट्यावरची ग्रेव्ही मांसाची, आणि अॅपल पायसारख्या पदार्थांच्या पारीत कधी कधी डुकराची चरबी असते. एका रेस्टॉरंटमध्ये "व्हेजिटेबल्स ओन्ली" सांगूनही माझ्या आईच्या ताटात हे आलं, दोन घास खाल्ल्यावर कळलं, मग ती दिवसभर काही खाईना. चूक माझी, मी प्रत्येक पदार्थ वेगळा विचारायला हवा होता. आता आम्ही डबा नेतो. दशम्या, मेथीचे ठेपले, कोरडी बटाट्याची भाजी, चटणी, दही वेगळ्या कूलरमध्ये, आणि चहाचा मोठा थर्मास, आणि तिथून फक्त ब्रेड, जॅम, चीज, फळं घेतो. बेबी स्विस हे चीज १९६० च्या दशकात अल्फ्रेड गुगिसबर्ग नावाच्या स्वित्झर्लंडहून आलेल्या माणसाने याच काउंटीत पहिल्यांदा केलं, त्यांची फॅक्टरी अजून तिथे आहे. रेनेट (दूध फाडायला वापरतात, ते वासराच्या पोटातलंही असू शकतं) कुठलं वापरलंय ते विचारा, सांगतात. आणि वेळ असेल तर अर्ध्या-पाऊण तासावर किड्रनला लेहमन्स म्हणून दुकान आहे, १९५५ पासूनचं, विजेशिवाय चालणाऱ्या वस्तूंचं, कंदील, लोणी काढायच्या रव्या, बिडाची भांडी. आईंना तिथून बाहेर काढायला तास लागेल, तो हाताशी ठेवा.

मे मध्ये येतायत म्हणता तर एक संधी आहे जी फार कमी भारतीय कुटुंबं घेतात. लेक एरीच्या काठावर मॅगी मार्श म्हणून दलदलीचा भाग आहे, कोलंबसहून अडीच तासांच्या आसपास. दक्षिणेकडून कॅनडाला निघालेले वॉर्बलर, म्हणजे वटवट्यांसारखे इवलेसे पण रंगीत पक्षी, तलाव ओलांडायच्या आधी इथे खायला आणि विसाव्याला थांबतात, मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. लाकडी सपाट वाट आहे आणि पक्षी अगदी डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर, कारण ते दमलेले आणि भुकेले असतात, माणसांकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत नसते. दुर्बीण नसली तरी चालतं. शेजारी उभं असलेलं कोणीतरी आपणहून सांगतं, ती बघा तिकडे, केशरी गळ्याची. बाबा मॉर्निंग वॉकवाले असतील तर हे त्यांच्यासाठीच आहे. शक्यतो वीकडेला जा, एक दिवस सुट्टी टाका.

उन्हाळ्यात तलावाकडेच जायचं तर मार्बलहेडचं दीपगृह, १८२२ पासून अखंड चालू, आत ७७ पायऱ्या, त्या मुलांनी चढाव्यात आणि मोठ्यांनी खाली खडकावर बसून पाणी बघावं, पलीकडचा किनारा दिसत नाही, बाबा म्हणतील हा तर समुद्रच. जवळूनच फेरीने वीसेक मिनिटांत केलीज आयलंड, तिथे बर्फाने चुनखडीच्या दगडात कोरलेले ४०० फूट लांबीचे खोल पन्हाळ आहेत. लँकेस्टरला बर्फ थांबला असं गाडीत सांगितलं होतं ना, इथे तो गेल्याच्या खुणा बोट ठेवण्याइतक्या जवळून दिसतात. दिवस मोठा होतो हा, जूनमध्येच करा, तेव्हा नऊपर्यंत उजेड असतो.

क्लीव्हलँडकडचं कायाहोगा व्हॅली नॅशनल पार्क, दोन तास, प्रवेश फुकट. ब्रँडीवाइन फॉल्सला सगळे जातात, जा तुम्हीही, पण पायऱ्या आहेत. मला त्यातलं बीव्हर मार्श जास्त आवडतं. तिथे पूर्वी गाड्यांच्या भंगाराचं आवार होतं. १९८४ मध्ये स्वयंसेवकांनी ते साफ केलं, वर पार्किंग लॉट करायचा बेत होता, तेवढ्यात बीव्हर परत आले, त्यांनी बांध घातला, पाणी साठलं, आणि आता तिथे कमळं, कासवं, बगळे आहेत. याच खोऱ्यातल्या कायाहोगा नदीला १९६९ मध्ये आग लागली होती, पाण्यावर तेलाचा इतका थर होता, आणि त्यानंतर देशभर नद्यांच्या प्रदूषणाबद्दल ओरड झाली. आपल्या गावची नदी आठवून बाबा लोक इथे बराच वेळ गप्प उभे राहतात.

जवळचं आणि अर्ध्या दिवसाचं हवं असेल तर नेवार्क, पाऊण तास. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या मूळ रहिवाशांनी, होपवेल संस्कृतीच्या लोकांनी, टोपल्यांनी माती वाहून बांधलेलं वर्तुळ, व्यास सुमारे १२०० फूट. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, त्याच बैठकीत आपलं शांतिनिकेतन आणि होयसळ मंदिरंही आली. गावात थोडं पुढे अष्टकोन आहे, त्याची रचना चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्राशी जुळवलेली. शंभरेक वर्षं त्यावर गोल्फचं मैदान होतं, १ जानेवारी २०२५ पासून सगळ्यांना खुलं झालंय. आधी म्युझियममधला नकाशा बघून मग चाला, नाहीतर नुसती गवताची टेकाडं वाटतात. पंचांग बघणारे आजोबा असतील तर त्यांना चंद्राचं समजावून सांगायला जास्त वेळ लागत नाही, उलट तेच आपल्याला सांगतात.

बाकी तयारीचं. आईंना स्पोर्ट्स शूज आल्या आल्या घेऊन द्या आणि आठवडाभर घराभोवती वापरू द्या, साडीवर बरे दिसत नाहीत म्हणतील, दोन दिवसांनी काही म्हणत नाहीत. घडीच्या दोन खुर्च्या डिकीत कायमच्या. दर सव्वा तासाला रेस्ट एरिया, त्यांनी मागितलं नाही तरी, कारण "तुमची गाडी कशाला थांबवायची" म्हणून ते पाणीच पीत नाहीत. डायबेटिस असेल तर जेवणाची वेळ आधी लिहा आणि ट्रिप तिच्याभोवती बसवा. जंगलातून आलात की मुलांचे पाय टिकसाठी, म्हणजे गोचिडांसाठी, तपासा. सप्टेंबरपासून शनिवारी निघायच्या आधी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची फुटबॉलची मॅच घरच्या मैदानावर आहे का बघा, लाखाच्या वर माणसं त्या स्टेडियमला जातात आणि ३१५ हा हायवे तुंबतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून पानांचे रंग असतात, तेव्हा हॉकिंग हिल्सला दुसऱ्यांदा जा, तीच अ‍ॅश केव्ह, आई ओळखीची जागा वेगळ्या रंगात बघतील. मात्र अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा, त्या दिवसांत हरणं गाडीसमोर येतात.

पाच-सहा महिन्यांत सहा ट्रिप पुष्कळ झाल्या, मधले शनिवार घरी राहू द्या. पहिली अ‍ॅश केव्ह करा, आल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी, पहाटे. दुसरी कुठली ते सांगण्याआधी मला एक कळवा, बाबा नोकरीत काय काम करायचे आणि आई कुठल्या गावच्या, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही.